ड्रोन उडायच्या आधीची दहा मिनिटं

आईच्या पोह्यांच्या डब्याचं झाकण मी पळवलं आणि त्याला मधोमध भोक पाडलं, त्यावरून आमच्या घरात दोन दिवस रामायण झालं. डबा तिच्या रुखवतातला होता, झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं, आणि भोक नेमकं नावाच्या मधल्या अक्षरावर पडलं होतं. आता त्या भोकात टीव्हीच्या केबलचा तुकडा आणि बोटभर लांबीची उभी तार बसवून मी स्लॅबवर बांबूला अँटेना बांधला, हे तिला कसं पटावं? मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दौंडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते आणि खुटबावहून रेल्वेच्या शटलनं रोज ये-जा करत होते. कॉलेजातली एक पुढच्या वर्गातली मुलगी नोकरीला लागली, तेव्हा जाता जाता तिनं मला तिचा रिसीव्हर देऊन टाकला. दिसायला पेनड्राइव्हसारखा, दादाच्या जुन्या लॅपटॉपला लावायचा. "मला काही आता वेळ मिळणार नाही, तू खेळ," म्हणाली. खेळ हाच शब्द तिनं वापरला होता. पुढं जे झालं ते मी तिला कधी सांगितलं नाही.

प्रवासी विमान आकाशातून जाताना आपली खूण, उंची आणि वेग सतत रेडिओवर सांगत जातं. ऐकणारं यंत्र असलं की झालं. पहिल्या दिवशी लॅपटॉपच्या नकाशावर एकदम सात विमानं दिसली, तेव्हा आईसुद्धा झाकणाचा राग विसरून शेजारी येऊन बसली. आठवड्याभरात तिनं त्या विमानांना कामाला लावलं. सकाळी दिल्लीचं पुण्यात उतरायला लागलं की ती आप्पांचा चहा टाकायची, आणि संध्याकाळी बंगळूरचं गेलं तरी माझं पीठ मळून झालं नसलं तर बोलणी बसायची. लोहगावची लढाऊ विमानं मात्र डोक्यावरून पत्रे हादरवत जायची आणि पडद्यावर काहीच उमटायचं नाही. "एवढा आवाज करतंय, आन् नाव सांगायला लाजतंय व्हय?" आप्पा म्हणायचे. घरात सगळीकडं शेवंतीचा वास असायचा. आमची फुलांची शेती. पहाटे तोडणी, मग ओट्यावर बसून निवडणं, मग पोती भरून पिकअपनं पुण्याच्या मार्केटात. फुलांवर पाणी मारून वजन वाढवणारे पुष्कळ होते. आप्पांनी ते कधी केलं नाही. त्यांचं पोतं आडत्या उघडूनही बघत नसे, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला ते मुळातले लबाड वाटतील. ते तसे नव्हते. मीही नव्हते, पण ते ठरवणं माझं काम नाही.

आमच्या भिंतीला लागून एक बोळ होता, आठ फूट रुंद. बोळापलीकडं सिदूमामांचं घर. नात्यानं मामा नव्हेत, धनगराचं घर त्यांचं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, मामांनी मात्र दोन एकर बागायत करून इथंच बस्तान बसवलं होतं. तरी तीसेक मेंढरं त्यांनी ठेवली होती. "न्हाई तर सकाळी उठून कुणाला हाक मारायची?" असं ते म्हणायचे. मेंढरांचं वाडगं घराच्या मागं होतं. वाडग्याच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला भलत्याच माणसाची भिंत. त्यामुळं आत-बाहेर करायला वाट एकच, हा बोळ. आणि बोळ मामांचा होता, त्यात कुणाला शंका नव्हती. रोज दिवस वर आला की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून खुरांचा तो पावसासारखा आवाज जायचा, मागून मामांची शीळ, आणि मग मामींचा खराटा. मामी तोंडानं फटकळ. मामांना त्या दिवसातून दहा वेळा बोलायच्या आणि अकराव्यांदा त्यांच्या ताटात सगळ्यात मऊ भाकरी वाढायच्या. आमच्याकडं हुलग्याची शेंगोळी झाली की वाडगाभर त्यांच्याकडं जायची. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून मामी त्यात शेळीचं दूध नाही तर गुळाचा खडा घालून परत पाठवायच्या. वर म्हणायच्या, "तुझ्या आईला सांग, मीठ जरा हात राखून घालत जा."

त्याच वर्षी दादाचं लग्न जमत होतं. दादा शिक्रापूरला कंपनीत होता, तिथंच चौघांत मिळून खोली घेऊन राहायचा. मुलगी चांगली होती, तिकडच्यांना मुलगाही पसंत होता, पण मुलीच्या वडिलांनी आमचं घर फिरून बघितलं आणि सरळ विचारलं, "पोरीला येगळी खोली कुठं? न्हाणीघर तर बाहेर हाय." आधीची दोन स्थळं ह्याच कारणानं गेली होती. पुढं रस्ता, एका बाजूला चुलत्यांची भिंत, मागं ओढ्याचा उतार. घर वाढवायला जागा होती ती फक्त बोळाच्या बाजूला. आप्पांनी एकदा मामांना विचारूनही पाहिलं. मामा ओशाळून म्हणाले, "आप्पा, तुमाला न्हाई म्हनायला जीभ रेटत न्हाई. पन मेंढरं काय उडत जात्याल का?" आप्पा हसले आणि विषय तिथंच मिटला, असं मला वाटलं होतं.

मग गावठाणाची ड्रोननं मोजणी होणार अशी दवंडी झाली. आता हे सगळं जुनं झालं. ड्रोन डोक्यावरून गेला तर कुणी मान वर करत नाही. तेव्हा मात्र अख्खं गाव त्याच एका गोष्टीवर बोलत होतं. पद्धत अशी होती की प्रत्येकानं आपल्या घराभोवती, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी, पांढऱ्या फक्कीची रेघ मारायची. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी दोरी धरून, एकमतानं. मग वरून ड्रोन फोटो काढणार, फोटोतल्या रेघांवरून नकाशा होणार, आणि त्या नकाशावर सरकारी सनद मिळणार. आजोबा-पणजोबांपासून जे तोंडी चालत आलं होतं ते पहिल्यांदा कागदावर येणार होतं. आदल्या दिवशी दुपारी आप्पा आणि मामांनी दोरीची दोन टोकं धरली, मी घमेल्यातून मूठमूठ फक्की सोडत गेले. रेघ आमच्या भिंतीला चिकटून गेली, म्हणजे बोळ अख्खा मामांकडं. संध्याकाळी ग्रामसेवक बघून गेले. म्हणाले, "उद्या वारा पडला की कधीही उडेल. रेघा विस्कटू देऊ नका, जनावरं लांब ठेवा."

रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, "सोने, तुझ्या त्या यंत्राला ड्रोन कळतो का गं?"

मी फुशारून गेले. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी माझ्या शिक्षणातलं काही विचारलं होतं. मी सांगितलं, की ड्रोन विमानासारखा नाव सांगत नाही, पण तो आणि त्याला उडवणाऱ्यांची पेटी एकमेकांशी रेडिओवर बोलत असतात. काय बोलतात ते मला कळत नाही, पण बोलणं सुरू झालं की पडद्यावर पिवळी पट्टी उमटते. शेजारच्या गावात मोजणी झाली तेव्हा मी ते शोधून काढलं होतं. पेटी चालू केली की जुळवाजुळव करायला त्यांना दहा मिनिटं लागत होती, मगच ड्रोन वर जायचा. तिथं तो दोनदा उडाला, दोन्ही वेळा दहाच.

"म्हंजी उडायच्या आधी दहा मिनिटं तुला कळतं," आप्पा म्हणाले. "मग उद्या मला हाक मार."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिला कळलं, आणि मलाही कळलं. पुढं कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत आले, की मला काय ठाऊक, बापानं सांगितलं आणि पोरीनं ऐकलं. हे धादांत खोटं आहे. आप्पांचं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. मी फक्त "बरं" म्हणाले आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मेंढरं घेऊन निघाले. बोळातून न्यायची तर रेघ पुसली जाईल, म्हणून रेघेवर त्यांनी गोणपाटं अंथरली, आणि मेंढरं गेल्यावर एकेक गोणपाट जपून उचललं. आमच्या ओट्याशी थांबून म्हणाले, "आप्पा, मी सांजच्यालाच येतो आता. रेघंवर जरा ध्यान ठेवा. कोंबड्या इस्कटत्याल." आप्पा म्हणाले, "जावा तुमी, हाय मी." मामी थोड्या वेळानं शाळेच्या मैदानाकडं गेल्या. ड्रोन तिथूनच उडणार होता आणि बायापोरं, म्हातारीकोतारी, सगळी तिकडंच जमली होती. आमची गल्ली इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती. मी स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसले होते.

साडेअकराच्या सुमाराला पिवळी पट्टी उमटली.

त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. पट्टी दिसलीच नाही म्हणाले असते, तर आप्पांना काय कळणार होतं? पण खरं सांगते, मला आधी आनंद झाला. माझं यंत्र बरोबर निघालं ह्याचा. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "आप्पा, आलं!" आणि मग वरून बघत राहिले. आप्पांनी खराट्यानं रेघ पुसली. घमेलं घेतलं, आणि मामांच्या भिंतीच्या कडेकडेनं, मागं मागं सरकत, एकट्यानं नवी रेघ मारली. दोरी धरायला पलीकडं कुणी नव्हतं, म्हणून ती मधे जराशी वाकडी झाली. ती नीट करायला ते पुन्हा बसले. मग ड्रोन आला. मधमाशीसारखा घूं करत आमच्या डोक्यावरून सरळ गेला, वळला, पलीकडून परत आला. आप्पा ओट्यावर टोपी काढून बसले होते. ड्रोन लांब गेल्यावर त्यांनी नवी रेघ पुसली, तिच्यावर पाणी मारलं आणि जुन्या जागी पुन्हा फक्की ओढली.

संध्याकाळी मामा परत आले. रेघ होती तिथंच होती, उलट जरा जास्तच पांढरी. "राखली तुमी," ते आप्पांना म्हणाले. त्या रात्री आईनं शेंगोळी केली. हुलगे दळून आणलेले नव्हते, तिनं घरच्या जात्यावर बसून दळले. वाडगा भरून तिनं माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिऊन ये." मामींनी वाडगा रिकामा केला, धुतला, त्यात गूळ घातला. तो गूळ आमच्याकडं कुणी खाल्ला नाही. मुंग्या लागेपर्यंत तसाच राहिला.

नकाशा यायला बरेच महिने लागले. ग्रामपंचायतीत टेबलावर तो पसरला होता आणि साहेब एकेकाला बोलावून सह्या घेत होते. मामांना त्यांचं घर दाखवलं. त्यांनी बोटानं बोळ शोधला. आमच्या घराच्या रंगात तो रंगवलेला होता. "साहेब, हे आमचं हाय," ते म्हणाले. साहेब कंटाळले होते, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मामा, हा फोटो बघा. रेघ तुमच्या भिंतीला आहे. हरकत असेल तर उद्यापर्यंत लिहून द्या." फोटोत खरंच रेघ तिथंच होती. आप्पा खाली बघत होते. मामांनी आप्पांकडं एकदा पाहिलं, आणि माझी खात्री आहे, की त्यांच्या मनात संशय येऊन उभा राहिला आणि त्यांनीच त्याला हाकलून लावलं. पाणी न मारलेल्या फुलांचा माणूस असं कशाला करील?

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. आप्पांना भेटायला नाही, मला.

"सोनाबाई," मामा म्हणाले. एरवी ते मला सोने म्हणायचे. "तुझ्या यंत्राला त्या ड्रोनचं समदं कळतं म्हनत्यात. त्यानं आमची रेघ खरंच तिथं बघितली का गं? का त्याची काय चूक झाली? तू सांगशील ते मी मानीन. आपल्याला त्यातलं काय कळतंय."

आत आप्पा होते. आई चुलीशी होती. त्या एका माणसाचं, त्याच्या तीस मेंढरांचं काय व्हायचं ते माझ्या एका वाक्यावर होतं, आणि उद्याची मुदत होती. मला हेही ठाऊक होतं, की खरं बोलले तर दादाचं लग्न मोडेल आणि आप्पांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मी म्हणाले, "मामा, ड्रोन वरून जे दिसतं तेच टिपतो."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते मला आजपर्यंत पचलेलं नाही. सरळ खोटं बोलले असते तर निदान अडखळले असते आणि त्यांनी ओळखलं असतं. शिकलेल्या पोरीसारखी मी ते स्वच्छ, शांतपणे म्हणाले. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "मग माझ्याच हातनं दोरी कुठंतरी चुकली आसंल. तुमच्या भिंतीकडं धरायची ती आमच्याकडं धरली आसंल, आन् सांजच्याला बघूनबी ध्यानात आलं न्हाई. वय झालं बग." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी सही केली.

मामींनी त्यांना सोडलं नाही. बोळात आमच्या नव्या खोलीची भिंत वर यायला लागली तसा त्यांचा आवाजही वाढला. "दोन टोकाची एक दोरी धरता येईना तुमाला! सोताच्या हातानं वाट दिऊन बसला!" आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. मामा एका शब्दानं उत्तर द्यायचे नाहीत. काही दिवस त्यांनी मेंढरं घराच्या पुढच्या दारातून, माजघरातून मागं न्यायचा प्रयत्न केला, मग एक मेंढरू आजारी पडून मेलं, मग एका बाजाराला सगळीच विकून आले. दादाचं लग्न त्याच नव्या खोलीत हळद वाटून झालं. वहिनी स्वभावानं गोड. तिला ह्यातलं काहीच ठाऊक नाही, आणि ती नवं न्हाणीघर इतकं लख्ख ठेवायची की मला तिथं आंघोळ करवत नसे. मामांनी जमीन वाट्यानं दिली आणि शिक्रापूरला कामाला असलेल्या लेकाकडं गेले. तिथं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. मी तो रिसीव्हर त्यानंतर कधी लावला नाही. पण ह्यात मोठेपणा काही नाही. नोकरी लागली, दुसरी यंत्रं आली, आणि पुढं ह्याच शिक्षणावर मी चांगलं पोट भरलं.

आप्पा गेल्यावर तेराव्याला सगळे त्यांच्या सचोटीविषयी बोलत होते. मी ऐकत बसले होते. मला वाटलं होतं, ते जाईपर्यंत थांबणं हे माझं कर्तव्य होतं. आता लिहिताना दिसतं, की ती माझी सोय होती. कारण मी शिक्रापूरला मामांच्या पत्त्यावर पोचले तेव्हा दार मामींनी उघडलं, आणि त्यांचं कपाळ मोकळं होतं. मामांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

रस्त्याला लागूनच खोली होती. ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजायच्या. मामींनी मला ओळखलं, पाणी दिलं, आप्पांचं कळल्यावर हळहळल्या. "लई नेक मानूस," म्हणाल्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पट्टी, दहा मिनिटं, माझी हाक, खराटा, नवी रेघ, आणि ओट्यावरचं माझं ते वाक्य. बोळ परत करू, मी दादाशी बोलते, कागद करते, असंही काहीबाही म्हणाले.

मामींनी माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला.

"बोळ घिऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "मेंढरं कुठं हायत? जागा गेली ती गेली. पन मी त्यांना मरस्तवर बोलले गं. दोरी धरता येईना म्हनून. दवाखान्यात शेवटाला पडले तवा बी बोलले. ते म्हनायचे, व्हय बाई, चुकलंच माजं. ते आता कुनी माघारी घ्यायचं?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतले.

"माझं कशाला धरतीस," त्या म्हणाल्या. भिंतीवर मामांचा फोटो होता, फेटा बांधलेला, कुठल्या तरी लग्नातला. "ऊठ. त्यांच्यापुढं हुबी ऱ्हा, आन् आत्ता मला सांगितलंस ते समदं पहिल्यापासनं त्यांना सांग. मी हितं दाराशी बसते."

मी फोटोसमोर जाऊन उभी राहिले. चाळिशी उलटलेली बाई होते मी, हाताखाली माणसं असलेली. "मामा," एवढं म्हणाले. बाहेरून ट्रक गेला. मी पुन्हा सुरुवात केली, हळू, तोंडातल्या तोंडात.

मामी उंबऱ्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या. "शेवटाला त्यांना कमी ऐकू येत व्हतं."